१७६३चा पॅरिस तह : नकाशात कुठे कोणता रंग?

गोदाकाठ :
नाशिकला वाचनालयाच्या भिंतीवर मुलांसाठी ४ बाय ३ फुटांचे दोन नकाशे लावायचेत : सप्तवार्षिक युद्धाआधीचा (१७५५) आणि ते संपवणाऱ्या पॅरिस तहानंतरचा (१७६३). ब्रिटन लाल, फ्रान्स निळा, स्पेन पिवळा. कॅनडा, फ्लोरिडा लाल केले. घोडं दोन ठिकाणी अडलंय. उत्तर अमेरिकेतला फ्रेंचांचा लुईझियाना प्रांत तहानंतर कोणाचा? आणि बंगालपासून आंध्र किनाऱ्यापर्यंत सरसकट लाल चालेल का?

जुनी सनद :
लुईझियाना मिसिसिपी नदीवर चिरायचा. पूर्वेचा भाग लाल, पश्चिमेचा पिवळा. न्यू ऑर्लिन्स मात्र पूर्व काठावर असूनही पिवळं. हमखास चुकतं ते इथे. मुळात पश्चिम भागाचा व्यवहार पॅरिसच्या तहातला नाहीच. फ्रान्सने तो ३ नोव्हेंबर १७६२ला गुप्त कराराने स्पेनला देऊन टाकला होता.

स्पेनची हवाना आणि मनिला इंग्रजांनी १७६२मध्ये जिंकली, पण दोन्ही स्पेनकडे परत गेली, म्हणून पिवळीच. कॅरिबियन बेटं या आकारात डासाएवढी दिसतील, तेव्हा कोपऱ्यात वेगळी चौकट घ्या : ग्वादलूप, मार्टिनिक, सेंट लुशिया निळी, ग्रेनेडा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, टोबॅगो लाल. साखरेच्या बेटांसाठी फ्रान्सने कॅनडावर पाणी सोडलं, हे मुलांना त्या चौकटीतच दिसेल.

तिरपेपट्टे :
भारतात सरसकट लाल अजिबात नको. बंगालची दिवाणी, म्हणजे महसूल वसुलीचा हक्क, इंग्रजांना मिळाली ती १७६५ला. १७६३मध्ये चोवीस परगणे, बर्दवान, मिदनापूर, चितगाव एवढ्यावरच लाल तिरपे पट्टे मारा, बाकी नवाबाचा रंग.

उत्तर सरकार (आंध्र किनारा) १७५५ला निळ्या पट्ट्यांत, कारण १७५३मध्ये तिथला महसूल फ्रेंचांकडे आला होता. पॅरिस तहाच्या कलम ११ने फ्रेंचांना १७४९च्या आरंभी होत्या तेवढ्याच वखारी परत मिळाल्या, त्यामुळे १७६३ला तिथे निजामाचा रंग. लाल ठिपका फक्त मछलीपट्टणला. बाकीचा पट्टा इंग्रजांकडे गेला तो पुढे, १७६६मध्ये निजामाशी झालेल्या तहाने.

पुदुच्चेरी, कारैकल, माहे, यानम हे निळे ठिपके. चंद्रनगरला पोकळ निळं वर्तुळ द्या : वखार मिळाली, पण बंगालात तटबंदी आणि फौज ठेवायला मनाई. पुदुच्चेरी पडली १६ जानेवारी १७६१ला, पानिपतनंतर दोनच दिवसांनी, आणि फ्रेंचांना प्रत्यक्ष ताबा परत मिळाला १७६५मध्ये. म्हणून शीर्षकात ‘१७६३, तहानुसार’ असं स्पष्ट लिहा.

गोदाकाठ :
आता कळलं. पण पोरं पहिलं बोट नाशिकवर ठेवणार!

तिरपेपट्टे :
दोन्ही नकाशांत पेशव्यांचा भगवा. या तहाने इथे काहीच हललं नाही. नाशिक लाल झालं ते १८१८मध्ये. हैदराबादवर नाव लिहिताना मात्र तहाचा मसुदा उतरवू नका. त्यात दख्खनचा सुभेदार म्हणून सलाबतजंग आहे, आणि त्याला त्याचा भाऊ निजाम अलीने १७६२मध्येच कैदेत टाकलं होतं.