पंचगंगेचे नमुने घेताना

कोल्हापूरच्या पंचगंगा घाटावर दर रविवारी स्वयंसेवकांनी नमुना घ्यावा आणि पाणी काळे पडते का हे दाखवणारी हायड्रोजन सल्फाइड चाचणीची कुपी वापरावी, ही सूचना मला मनापासून पटली. मात्र ती कुपी मलजन्य जिवाणूंचा संभव आहे की नाही एवढेच सांगते. किती आहेत, हे सांगत नाही, आणि सांडपाणी मिसळणाऱ्या नदीत ती बहुधा काळीच पडेल. आंघोळीच्या पाण्यात १०० मिलिलिटरमागे मलजन्य कोलिफॉर्म (विष्ठेतून पाण्यात येणारे जिवाणू) ५०० पर्यंत असणे इष्ट आणि २,५०० ही कमाल मर्यादा, असा केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष आहे. त्याच्याशी तुलना करायची, तर प्रयोगशाळेतली मोजणी हवीच.

त्या मोजणीचा भरवसा घाटावरच ठरतो. निर्जंतुक बाटलीचे तोंड प्रवाह जिकडून येतो त्या दिशेला धरून, हात बाटलीच्या मागे ठेवून, पृष्ठभागाखाली वीतभर खोलीवरचे पाणी घ्यावे, वर थोडी मोकळी जागा सोडावी आणि बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांच्या आत पोहोचवावी, कारण उन्हात राहिलेल्या बाटलीत जिवाणूंची संख्या बदलते. (झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागले, तरी तो नमुना टाकून द्यावा.)

एका घाटापेक्षा शहराच्या वरच्या अंगाचा प्रयाग चिखलीचा संगम आणि शहराचे सांडपाणी आणणारा जयंती नाला मिळतो त्या जागेच्या वरचे व खालचे पाणी एकाच सकाळी घेतले, तर शहराने नदीत काय मिसळले ते दिसेल. पहिल्या वळवाची नोंद मात्र वेगळी ठेवावी, कारण तो साचलेली घाण एकदम नदीत आणतो.