मदत हवी आहे: सायलेन्सर बदलताना स्टड तुटला, चवथ (गणेशचतुर्थी) चार दिवसांवर

मंडळी, चूक माझीच आहे, हे आधीच कबूल करतो.

गाडी स्प्लेंडर, २०१२ ची, कार्ब्युरेटरवाली. रोज गोव्यातल्या चोडण-रायबंदर फेरीबोटीनं जातो-येतो. भरतीला रॅम्पवर खारं पाणी चढतं आणि तापलेला सायलेन्सर त्यातूनच न्यावा लागतो. बेंड पाइपला खालून आधी सुईएवढी भोकं पडली, आता हाताचं बोट जाईल. फेरीवर माणसं माना वळवून बघतात. शेवटी मूळ मापाचा नवा सायलेन्सर म्हापशाहून आणला. इंजिनाच्या हेडमध्ये रोवलेल्या स्टडवर (आटे पाडलेल्या सळ्यांवर) दोनच तर नट, मागे फूटरेस्टजवळ एक बोल्ट. म्हटलं गॅरेजला कशाला न्यायची?

एक नट मुकाट सुटला. दुसरा हलेना, म्हणून दहाच्या पान्याला पाइप अडकवून जोर केला. पाना एकदम हलका झाला. सुटला, म्हणून हसलोसुद्धा. बघतो तर नट आणि त्यात अडकलेला अर्धा स्टड पान्यातच! हेडमधून जेमतेम दोन सूत (पाव इंच) बाहेर उरलाय. त्यात या इंजिनाचा पोर्ट (धूर बाहेर पडायचं तोंड) खालच्या बाजूला, त्यामुळे गंज सोडवायचं तेल मारलं की माझ्याच कपाळावर ठिबकतं.

हेड न उतरवता तो निघेल का? नाहीतर एकाच नटावर वाळपईपर्यंत जाऊन येऊ का? चवथीला घरी पोचायचंच आहे.

भाच्याचा सल्ला वेगळाच: "मामा, हात घातलाच आहेस तर मोकळा पाइप लाव, गाडी पळेल." त्याचीही नवी बीएस-६ (प्रदूषणाच्या नव्या नियमांतली) गाडी आहे आणि तिलाही तसाच पाइप लावायचा त्याचा विचार आहेच.

जुनापाना: एका नटावर नको. फ्लँज (पाइपच्या तोंडाची, नटांनी आवळायची पट्टी) तिरका बसतो, सांधा बंद ठेवणारं गॅस्केट जळतं, फटीतून हवा आत ओढली जाते आणि थ्रॉटल सोडला की फटफट आवाज येतो. उरलेल्या स्टडवर सगळा भार येईल तो वेगळाच.

दोन सूत उरलाय म्हणजे नशीब आहे. तेलात भिजवलेली चिंधी स्टडला घट्ट गुंडाळून रात्रभर ठेवा, म्हणजे गळणार नाही. मग टाकी उतरवा, कार्ब्युरेटर रिकामा करा आणि चिंधीही काढा, कारण पुढचं काम आगीचं आहे. ब्लो टॉर्चनं स्टड नाही, त्याच्या भोवतीचं हेड तापवा. ॲल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, तेवढ्यात पकड सुटते. लॉकिंग प्लायरनं धरून थोडं मागे, थोडं पुढे, असं करत काढा. एकाच दिशेनं जोर कराल तर आत तुटेल.

लेथवाला_फोंडा: त्यानंही नाही निघाला तर वेल्डिंगवाल्याकडे न्या. तुकड्यावर नट वेल्ड करून तो गरम असतानाच फिरवतात, बहुतेकदा निघतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी सोडायला सांगा. ड्रिल मात्र घरी मारू नका. भोक जरा तिरकं गेलं की हेडचे आटे गेले.

भाच्याला सांगा, त्याच्या गाडीत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातलं प्रदूषण कमी करणारा भाग) आणि ऑक्सिजन सेन्सर आहे. ते काढून मोकळा पाइप लावला की इंजिनाचा दिवा पेटतो. आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली दहा हजारांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स बाद.

मूळ धागाकर्ता: निघाला! चिंधी दोन रात्री ठेवली. पहिल्यांदा तापवून काही झालं नाही, तिसऱ्यांदा बारीक 'टक्' झालं आणि पाव आटा फिरला. पुढं अर्धा तास मागे-पुढे. नवा स्टड, नवं गॅस्केट, आट्यांना कॉपर ग्रीस. फ्लँजचे नट आलटून पालटून आवळले, मागचा बोल्ट शेवटी. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल काढताना हातावर सांडलं, बायको अजून जेवणाला वास येतो म्हणते.

दोघांनाही देव बरें करूं. भाचा कलमाचं ऐकून गप्प बसलाय, सध्या तरी.