परदेशातून दत्तक आणलेली लेक आणि गावचा सातबारा

माडाखाली

गुहागर तालुक्यातील एका कुटुंबाने आफ्रिकेतून मुलगी दत्तक आणली असल्याचे नुकतेच कानावर आले. हेतू चांगला असेल, ते मी नाकारत नाही. परंतु आपल्याच देशातील अनाथाश्रम भरलेले असताना समुद्रापलीकडून मूल आणण्याचे प्रयोजन काय, हे विचारले पाहिजे. त्या मुलीच्या वाट्याला इथे जन्मभर परकेपणाच येणार. कुळाचार, गोत्र, जमीनजुमला यांत तिचे स्थान कोणते, याचा विचारही पालकांनी केलेला दिसत नाही. दत्तक मुलासाठी असते, पालकांच्या हौसेसाठी नव्हे.

सुरंगी

आपण लिहिले आहे ते कुटुंब आमचेच असावे, म्हणून सविस्तर उत्तर देते. पहिल्या वाक्यापासून मला राग आला आहे आणि तो मी लपवणार नाही.

आम्ही २००६ पासून नोकरीनिमित्त नैरोबीत राहत होतो. मूल आणायला आम्ही समुद्रापलीकडे गेलो नाही. आम्ही राहत होतो त्या शहरात ती होती. २०११ मध्ये ती सात महिन्यांची असताना आमच्याकडे आली. केनियाच्या कायद्याप्रमाणे मूल किमान सहा आठवड्यांचे असावे लागते, ते दत्तकासाठी मोकळे असल्याचे नोंदणीकृत संस्थेने जाहीर करावे लागते आणि अर्ज करण्यापूर्वी सलग तीन महिने त्याचा सांभाळ तिथेच करावा लागतो. न्यायालयाने मुलाच्या हितासाठी नेमलेली व्यक्ती आमच्या घरी येऊन स्वयंपाकघरापासून बँकेच्या पुस्तकापर्यंत सारे पाहून गेली. एवढे झाल्यावर न्यायालयाचा आदेश हाती आला. याला हौस म्हणायचे असेल, तर इतकी तपासणी सोसून पुरी केलेली दुसरी हौस माझ्या पाहण्यात नाही.

२०१६ मध्ये आम्ही गावी परतलो, ते तिच्या केनियाच्या पासपोर्टवर भारताचा व्हिसा घेऊन. आपला देश दुहेरी नागरिकत्व मानत नाही आणि तिच्या नागरिकत्वाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. त्यामुळे व्हिसाच्या मुदतवाढीचे काम निघाले की तवसाळहून फेरीबोटीने जयगडला उतरून आम्ही रत्नागिरी गाठतो. काळजी करायचीच असेल तर या गोष्टीची करावी, गोत्राची आम्ही पाहून घेऊ.

अनाथाश्रम भरलेले आहेत, हे वाक्य आपण कोणत्या आधारावर लिहिले? कारा या केंद्रीय प्राधिकरणाकडे नोंदणी करून वाट पाहणाऱ्या पालकांची संख्या तीस हजारांच्या वर आहे आणि देशात वर्षाला होणारी दत्तके चार-साडेचार हजारांच्या आसपास. संस्थेत राहणारे प्रत्येक मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे नसते. अनेकांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात असतात. माझ्या मुलीमुळे इथल्या एकाही मुलाचे घर हिरावले गेलेले नाही.

परकेपणाचेही सांगते. पहिल्या वर्षी पाणवठ्यावरून गौर आणताना तेरड्याची रोपे इतर मुलींच्या हाती दिली गेली, हिच्या हाती दिली नाहीत. ती सहा वर्षांची होती. घरी येऊन तिने आपले हात साबणाने घासले, पुन्हा घासले, आणि मला दाखवायला आणले. त्या दिवशी मी काय केले ते इथे लिहिणार नाही. पुढच्या वर्षी सासूबाईंनी, ज्या सुरुवातीला या दत्तकाच्या पूर्ण विरोधात होत्या, तेरड्याची जुडी स्वतः तिच्या हाती दिली आणि गौर घरात येईपर्यंत तिच्या बाजूने चालल्या. परकेपणा मुलीच्या अंगातून येत नाही, तो तेरडा कोणाच्या हाती द्यायचा हे ठरवणाऱ्यांकडून येतो. आणि आफ्रिकेतून आलेली माणसे या किनाऱ्याला नवी कशी? मुरुडच्या जंजिऱ्यावर सिद्दींची सत्ता १९४८ पर्यंत होती.

सामाईक हिस्सेदार

ताई, आपल्या मुलीविषयी माझ्या मनात काही वाईट नाही. पण जमिनीचा मुद्दा आपण एका वाक्यात उडवून लावलात, तो मी उडवू देणार नाही. आमच्या सातबाऱ्यावर त्रेचाळीस नावे आहेत. त्यांतील निम्मी माणसे मुंबईला असतात आणि गणपतीला येऊन कलमे मोजून जातात. हापूसच्या त्या कलमांना खत मी घालतो, फवारणी मी करतो, थंडी पडली नाही तर मोहोराच्या काळजीने रात्री जागतो तोही मीच. चुलत्यांनी उतारवयात बायकोच्या बहिणीचा मुलगा दत्तक घेतला आणि ज्याने आयुष्यात आळे केले नाही तो माझ्या बरोबरीचा हिस्सेदार झाला. दत्तक घेणारे भावनेने घेतात, आणि निस्तरावे लागते ते गावात राहणाऱ्याला. मूल परदेशातले असो की शेजारच्या वाडीतले, इतर हिस्सेदारांना विचारले पाहिजे, एवढेच माझे म्हणणे आहे.

चिपळूणची वकील

इतर हिस्सेदारांना विचारण्याची अट कोणत्याही कायद्यात नाही आणि ती असू नये. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्याच्या बाराव्या कलमाने दत्तक मूल सर्व बाबतींत दत्तक आईवडिलांचे मूल ठरते. त्याच कलमात असेही आहे की, दत्तकापूर्वी एखाद्याकडे निहित झालेली मालमत्ता दत्तक मूल काढून घेऊ शकत नाही. म्हणजे आपल्या चुलत्यांच्या मुलाला चुलत्यांच्याच हिश्शातून मिळाले, आपल्या हिश्शातून नव्हे. आपली खरी तक्रार वाटप होत नसल्याची आहे. ती योग्य आहे, पण तिचे ओझे एका मुलीवर का टाकता?

हाच कायदा दत्तक मूल हिंदू असावे असे म्हणतो, म्हणून आफ्रिकेतले मूल बसत नाही, असे कोणी म्हणण्यापूर्वी त्याचे कलम दोन वाचावे. आईवडिलांनी टाकून दिलेले किंवा ज्याचे पालक अज्ञात आहेत असे मूल हिंदू म्हणून वाढवले गेले, तर कायदा त्याला हिंदू मानतो. तरीही सुरंगीताईंना माझा सल्ला आहे की त्यांनी मृत्युपत्र करून ठेवावे. परदेशी न्यायालयाचा आदेश इथे दिवाणी प्रक्रिया संहितेच्या तेराव्या कलमाच्या कसोटीवर तपासला जाऊ शकतो, आणि भाऊबंदकीत ती कसोटी कोण कधी लावील याचा नेम नसतो. झाशीच्या नेवाळकरांचे मूळ गाव आपल्या लांजा तालुक्यातले कोट. दामोदररावांचे दत्तकविधान १८५३ मध्ये यथासांग झाले होते, तरी डलहौसीने ते नामंजूर करून संस्थान घेतले. कोकणी माणसाने तरी दत्तकाच्या हक्काविरुद्ध बोलताना थोडा विचार करावा.

सामाईक हिस्सेदार

झाशीचे राज्य आणि माझी अडीच एकर बाग यांची तुलना करून प्रश्न सुटत नाही. वाटपाचा अर्ज करून नऊ वर्षे झाली. बारावे कलम मला माहीत नव्हते, तेवढे मान्य करतो. चुलत्यांचा हिस्सा चुलत्यांच्या मुलाला गेला, हेही मान्य करतो. परंतु कलमांची मशागत कोणत्या कलमात बसते, ते वकीलबाईंनी सांगावे.

खाडीकाठ

जमिनीचे बोलणे पुरे झाले. सुरंगीताई, आपण कागदपत्रांविषयी फार विश्वासाने लिहिले आहे. केनियाने स्वतःच २०१४ मध्ये परदेशी व्यक्तींना मुले दत्तक देणे स्थगित केले. इथिओपियाने २०१८ मध्ये बंदी घातली. दक्षिण कोरियात तर सत्यशोधन आयोगाने २०२५ मध्ये मान्य केले की, आईवडील असलेल्या मुलांची अनाथ म्हणून खोटी नोंद करून त्यांना परदेशी पाठवले गेले. आपल्या मुलीचा कागद खरा, हे आपण कशावरून म्हणता?

मी हे वादासाठी विचारत नाही. माझे वडील पाच वर्षांचे असताना दत्तक गेले. जन्मघर खाडीच्या पलीकडे, तरीने पाव तासाचे अंतर. दत्तकघरी त्यांना काही कमी नव्हते; तरी संध्याकाळी ते धक्क्यावर जाऊन पलीकडच्या घरातला दिवा लागेपर्यंत बसत. सत्तरी उलटल्यावरही बसत. एका खाडीने माणसाचे इतके होते, तर मध्ये महासागर टाकल्यावर काय होईल, हे आपण तिला विचारले आहे का?

माडाखाली

मला हेच म्हणायचे होते. पण इथे मला थेट निर्दय ठरवले गेले, आणि ते मी सहन करणार नाही. अनाथाश्रम भरलेले असल्याचे विधान आकडे न पाहता केले होते, ते मागे घेतो. बाकीच्या मतावर मी ठाम आहे.

सुरंगी

माडाखाली, आपण मागे घेतलेत तेवढे मी घेते. तेरड्याविषयी आपण एक शब्दही लिहिला नाहीत, याची नोंद मात्र माझ्याकडे राहील.

खाडीकाठ, आपल्या वडिलांविषयी वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. मुलीला मी विचारले आहे. ती बारा वर्षांची असताना तिनेच विषय काढला. माझी खरी आई मेली की तिने मला टाकले, असा तिचा प्रश्न होता, आणि मला माहीत नाही, एवढेच खरे उत्तर माझ्याजवळ होते. मुलगी सापडल्याची पोलीस ठाण्यातील नोंद, बालगृहाच्या नोंदवहीतील पानाची प्रत, न्यायालयात सादर झालेले अहवाल, हे सगळे मी एका पत्र्याच्या पेटीत ठेवले आहे आणि पेटीची किल्ली तिच्याकडे आहे. कागदात खोटे काही असेल का? आपण म्हणता ती शक्यता मी नाकारू शकत नाही. या भीतीने मी पुष्कळदा रात्रीची उठून बसले आहे. तिचे केस बारीक पेडांत कसे घालावेत, हे मला नैरोबीच्या शेजारणीने शिकवले. आजही दर रविवारी खोबरेल लावून मी ते घालते, तेव्हा हे दुसऱ्या कोणाचे तरी काम होते, असे मनात येते. पण म्हणून ती बालगृहातच राहायला हवी होती, हे मी मान्य करणार नाही.

खाडीकाठ

बालगृहात राहावी असे मी म्हटले नव्हते, तरी माझ्या लिहिण्याचा तसा अर्थ होत होता, हे कबूल करतो. आंतरदेशीय दत्तकाविषयीची माझी शंका कायम आहे आणि ती आपल्या पेटीने मिटत नाही. माझ्या वडिलांना निदान कोणत्या दिव्याकडे पाहायचे ते ठाऊक होते. ती नैरोबीला जाईल तेव्हा त्या नोंदवहीची मूळ प्रत पाहायला विसरू नका. प्रतीत न उतरलेले पुष्कळदा मूळ पानाच्या समासात असते. मी तीस वर्षे जहाजांच्या नोंदवह्या लिहिल्या आहेत, म्हणून सांगतो.