ओटच्या सहा वाणांची चाचणी: वाफे किती, तुलना कशावर?

प्रश्न (दिंडोरीचा शेतकरी): रब्बीत ओटचे सहा वाण तपासायचे आहेत, केंट आणि फुले हरिता त्यात आहेत. जमीन विहिरीकडे ओलसर, बांधाकडे मुरमाड. प्रत्येक वाणाची एकेक लांब पट्टी पेरून हिरवा चारा मोजला तर चालेल का?

चारा_राहुरी: भाऊ, पट्ट्या बांधाला समांतर काढल्या तर विहिरीजवळचा वाण जिंकणार, मग तो कोणताही असो. आडव्या काढल्या तरी पुनरावृत्ती नसल्याने फरक वाणाचा की जमिनीचा हे कळणार नाही. विहिरीपासून सारख्या अंतरावरचे सहा वाफे म्हणजे एक गट, असे चार गट पाडा. तीन गटांत त्रुटीचे स्वातंत्र्यांश (योगायोगाने पडणारा फरक मोजायला मिळणाऱ्या स्वतंत्र तुलनांची संख्या) १० येतात, चारांत १५. किमान १२ हवेत. वाणांच्या चिठ्ठ्या प्रत्येक गटासाठी नव्याने काढा.

वाफा ४ × ३ मीटर, ३० सेंमीवर दहा ओळी. हेक्टरी १०० किलो बियाण्याने एका ओळीला १२ ग्रॅम लागते. पेरण्याआधी सगळ्यांची उगवण तपासा. ८० टक्के असेल तर १५ ग्रॅम टाका, नाहीतर विरळ उगवलेला चांगला वाण मागे पडेल. वाटांसकट सगळे पाच गुंठ्यांत बसते.

कापताना कडेची एकेक ओळ आणि दोन्ही टोकांचा अर्धा मीटर सोडा. कडेच्या ताटांना ऊन-खत जास्त मिळते, शिवाय उंच वाण शेजाऱ्यावर सावली धरतो. उरतो ७.२ चौरस मीटर. त्यात १८ किलो भरले तर हेक्टरी २५० क्विंटल.

गोठा_निफाड: फक्त हिरव्या वजनावर निवडू नका, हे कळकळीने सांगतो. २५० क्विंटलमध्ये १४ टक्के शुष्क पदार्थ (पाणी वगळून उरणारा कोरडा भाग) म्हणजे ३५ क्विंटल; २२० क्विंटलमध्ये १८ टक्के असेल तर ३९.६. दुसराच सरस! दव पूर्ण उडाल्यावर कापा, डिसेंबरात इकडे उशिरापर्यंत पाने ओली असतात. प्रत्येक वाफ्यातून ५०० ग्रॅम नमुना तिथेच तोला, बारीक चिरून ६५ अंशांवर वजन स्थिर होईपर्यंत वाळवा.

प्रश्नकर्ता: कापणी एका दिवसात उरकली नाही तर? आणि एखादा वाफा जनावरांनी खाल्ला तर?

चारा_राहुरी: अर्धा गट कधीच ठेवू नका, हातात घेतलेला गट त्याच दिवशी संपवा, म्हणजे दिवसाचा फरक गटाच्या फरकात जातो. पहिली कापणी ५० ते ५५ दिवसांनी, जमिनीपासून ८-१० सेंमी वर. खाली छाटलीत तर फुटवा कमी येतो. दुसरी ५० टक्के फुलोऱ्यात. खाल्लेला वाफा 'नोंद नाही' म्हणून लिहा, अंदाजाचा आकडा भरू नका.