ग्रीक शोकांतिका: वेडा म्हणजे जनावर?

तिरपागडा:
कालच्या धाग्यावर कुणीतरी ठोकून दिलं, 'ग्रीकांच्या लेखी वेड लागणं म्हणजे माणसाचं जनावर होणं', आणि खाली नुसती वाहवा. नाटकं उघडून तरी बघा! युरिपिडीसच्या 'बाक्काय'मध्ये आगावे पोटच्या पोराचं मुंडकं मिरवत येते, सिंह मारला म्हणून. सोफोक्लीसच्या नाटकातला योद्धा आयास मेंढरं कापतो, ग्रीक सरदार समजून. जनावर वेड्याच्या नजरेत आहे, वेड्यात नाही. तत्त्वज्ञ प्लेटो तर 'फायद्रस' या संवादात देवाने दिलेल्या वेडाला सर्वांत मोठ्या वरदानांचं मूळ म्हणतो.

मिरगबाई:
सोयीची तेवढीच नाटकं घेतलीत. 'प्रोमेथियस बाउंड' नाटकातल्या इओ या मुलीला शिंगं फुटलीत, गोमाशी तिला वेडंपिसं करत देशोदेशी पळवतेय, ती कुणाच्या नजरेत? युरिपिडीसच्याच हेराक्लीसला वेड चढतं तेव्हा तो धडक मारायच्या बेतातल्या बैलासारखा दिसतो. आणि 'रिपब्लिक'मध्ये माणसाच्या आत अनेक तोंडांचं श्वापद न् सिंह बसवलाय, तोही तुमच्याच प्लेटोने.

पंतोजी:
'फायद्रस'मधला आत्म्याचा रथ कठोपनिषदात आहे. इंद्रियं घोडे, मन लगाम, बुद्धी सारथी. पण आपल्याला प्लेटो लागतो!

तिरपागडा:
आलंच! उपनिषदात रथात आत्मा बसलाय, सारथी वेगळा. प्लेटोकडे सारथी आणि दोन घोडे मिळूनच आत्मा. शिवाय तिथला दांडगट काळा घोडाच रथाला प्रियकरापाशी खेचत नेतो.

पंतोजी:
म्हणजे रथ आपलाच, फक्त रथी हरवला.

तिरपागडा:
घोडे काय फक्त आपल्याकडेच होते का हो?

पंतोजी:
भाषा सांभाळा. संस्कृत येतं का?

तिरपागडा:
तुम्हाला ग्रीक येतं?

नाखवा:
रथ ठेवा बाजूला. 'देवाचं वेड' वाचून माझं टाळकं सटकलंय. माझ्या आत्याच्या अंगात येतं म्हणून गाव ओटी भरत राहिलं, पाया पडत राहिलं. डॉक्टरकडे कुणी नेलं नाही. गेली बिचारी. प्लेटोचं काय जातंय!

तिरपागडा:
वाईट वाटलं. पण आजाराचं वेड वेगळं, देवाचं वेगळं, हे त्याच संवादात आहे.

नाखवा:
ओळखायचं कसं, तेही आहे का? मद्याचा देव डायोनिसस, त्याने दिलेलं वेड प्लेटोच्या वरदानांत मोडतं. आगावेकडून पोर फाडवलं ते कुणी? त्याच डायोनिससने ना?

मिरगबाई:
आणि तिला शुद्धीवर आणतो म्हातारा बाप, कॅडमस. आधी आभाळाकडे बघायला लावतो, मग हळूहळू विचारत हातातल्या मुंडक्यापर्यंत आणतो.

तिरपागडा:
बरं बाबा, वरदानाचं मागे घेतो. खूश? इओचं मात्र नाही. गोमाशी चावायची थांबते तेवढ्या वेळात ती शिंगांसकट, कड्याला जखडलेल्या प्रोमेथियसला सगळी हकीकत नीट सांगते. या धाग्यावर तेवढंही कुणाला जमलेलं नाही.

पंतोजी:
रथीबद्दल उत्तर आलेलं नाही.