१२ हजारांत परसातल्या कोंबड्या अन् शिलाई मशीन, दोन्ही जमेल का? सल्ला हवा

दारव्हेकरीण
नमस्कार. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले, दारव्हा तालुका. घर टिनाचं, मागं परसात कडुनिंब आहे अन् न्हाणीला लागून थोडी मोकळी जागा. शेती कोरडवाहू, कापूस-तूर. घरी राहून हातात पैसा यावा म्हणून दहा-बारा कोंबड्या अन् एक मशीन घ्यायचं मनात आहे. ब्लाउज, परकर, पोरांचे कपडे शिवता येतात मला. बजेट १२ हजार, त्याच्यावर रुपया नाही. कोंबडी कोणती? मशीन नवं की जुनं? अन् आता मे महिन्यात पिल्लं आणावी का?

वर्ध्याचा भाऊ
ताई, मशीन घ्या तर जुकी कंपनीचंच. घरी मागच्या दिवाळीत आणलं, मोटर-टेबल धरून तीस हजारांच्या आसपास गेले. पण काय पळते! जीन्सचे चार पदर लोण्यासारखे शिवते. स्वस्तातलं घेऊन पस्तावण्यापेक्षा एकदाच चांगलं घ्या.

काळा कोंबडा
कडकनाथ घ्या, दुसरं नाव नको. मध्य प्रदेशातल्या झाबुआची जात, २०१८ मध्ये जीआय (भौगोलिक ओळखीचं) मानांकन मिळालं. माझ्याकडचं अंडं गावठीच्या दुप्पट भावानं जाते, लोक घरी येऊन नेतात.

पुसदचा शेतकरी
तुमच्याकडं जात असन भाऊ, आमच्याकडं कोणी विचारत नाही. पिल्लं विकणाऱ्यानं कोंबड्या मीच परत घेतो म्हणून लिहून दिलं, अन् पक्षी मोठे झाले तर फोन उचलेना. वर्षाला अंडी जेमतेम शंभर, अन् खुडूक म्हणून (अंडी उबवायला) बसतही नाही धड. नव्या माणसानं कडकनाथच्या नादी लागू नये.

परसातली वाशीम
ताईंनी विचारलं त्याचं उत्तर देते. अंडी पाहिजे तर ग्रामप्रिया, अंडी अन् मांस दोन्ही पाहिजे तर वनराज किंवा गिरिराज, तिन्ही सुधारित जाती. पण मेमध्ये एक दिवसाचं पिल्लू आणू नका. वाटेतच उन्हानं मरतात. पाऊस लागला की आणायचं म्हणाल तर रक्ताची हगवण. खाली सोयाबीनचं कुटार आंथरलं अन् ते वलं झालं की ती आलीच. दसऱ्याच्या आसपास आणा.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा, डोळ्यात एक थेंब. अडचण अशी की कुपी शंभर पक्ष्यांची येते अन् फोडली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी करायचं. बचत गटाच्या बैठकीत दिवस ठरवा, जनावराच्या दवाखान्यातून बर्फात आणा.

अन् सरकीची ढेप कोंबडीला अजिबात घालू नका. आपल्याकडं गोठ्यात पडलेलीच असते म्हणून टाकतात लोक. त्यातल्या गॉसिपॉल नावाच्या विषारी द्रव्यानं बलक हिरवट पडतो.

वर्ध्याचा भाऊ
वनराज चांगली. पण मशीनचं काय ठरलं?

रामटेकचा आजा
खुडूक बसवली तर अंड्यांजवळ लोखंडाचा खिळा ठेवजा. वीज कडाडली की अंडी नासतात.

परसातली वाशीम
आजोबा, विजेनं नाही नासत. पावसात कोंबडी भिजते, उठून जाते, अंडी गार पडतात. खिळ्यापेक्षा वरून ताडपत्री टाका.

रामटेकचा आजा
आमच्या मायपासून ठेवत आलो. पिल्लं निघतात.

शिलाईवाली ब्रह्मपुरी
आमच्याकडं पारा पंचेचाळीसच्या वर जाते, तरी कोंबड्या टिकवल्या. टिनावर तणस, म्हणजे धानाचा पेंढा टाकायचा (तुमच्याकडं कापसाच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या चालतील), बाजूनं वलं गोणपाट, पाणी मातीच्या भांड्यात सावलीत. दाणा पहाटे अन् दिवस मावळताना. भर दुपारी खाल्लेलं अंगात उष्णता वाढवते.

आता शिलाई. गावात काम बारा महिने सारखं नसते. लग्नसराईत ब्लाउज. मग गणवेश, आपल्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडते, तेव्हा ते काम उशिरा येते अन् सगळं एकदम येते. पोळ्याला झुली. कापूस निघाला की वेचणीच्या ओट्या (कमरेला बांधायच्या झोळ्या), जाड कापड, १८ नंबरची सुई लावा. थंडीत वाकळी. म्हणून जाड कापड खेचणारं साधं काळं पायमशीनच बरं, लाईन गेली तरी चालते. पावसाळ्यात रोज तेल, मशीनचंच. खोबरेल घातलं की चिकटते.

एक गोष्ट कोणी सांगितली नाही. दोऱ्याचे तुकडे परसात झाडू नका. माझी एक कोंबडी लंगडत होती, पाहते तर लाल रिळाचा दोरा बोटांत करकचून बसलेला, बोट काळं पडलेलं. दुसरीच्या जिभेला गुंडाळलेला निघाला. मशीनच्या पायाशी डबा ठेवा, कात्रण अन् दोरा त्यात, अन् कोंबडी घरात नको.

काळा कोंबडा
उन्हात सावली अन् पाणी पाहिजेच, मीही तेच म्हणतो. कडकनाथ उन्हात टिकते.

उमरखेडची सखी
पीएम विश्वकर्मा योजनेत शिवणकाम येते. अवजारासाठी १५ हजारांपर्यंत मिळतात, प्रशिक्षणाचे रोजचे ५०० वेगळे. घरातल्या एकालाच, अन् सरकारी नोकरी असेल तर नाही. सुविधा केंद्रात चौकशी करा.

दारव्हेकरीण
सगळ्यांचं वाचलं, मनापासून आभार. ठरलं ते असं. मोठ्या जाऊबाईंकडं उषा कंपनीचं जुनं पायमशीन पडून आहे. पट्टा अन् शटल बदललं की चालेल म्हणतात, ते घेते. योजनेची चौकशी करीन, पण गणवेशाचं काम त्याच्यासाठी थांबणार नाही. कोंबड्या गावातल्याच गावठी, दोन तलंगा (अंड्यावर यायच्या तरण्या कोंबड्या). अन् दसऱ्यापर्यंत थांबा म्हणालात, पण शेजारच्या काकूंची कोंबडी आताच खुडूक झाली आहे. तीच घरी आणते, खाली नऊ अंडी ठेवून २१ दिवस न्हाणीजवळच्या सावलीत बसवते. उरलेल्या पैशात खुराडं पक्कं करायचं आहे. जाळी पाऊण इंची चालेल का?

परसातली वाशीम
मी थांबले असते. पण बसवताच आहात तर जाळी अर्धा इंची घ्या, वेल्डमेश. पाऊण इंचातून साप शिरतो. अन् खाली वीतभर जमिनीत पुरा, मुंगूस उकरून येते.