स्प्लेंडरचं मागचं चाक घरी काढायचंय, चेन सोडवावी लागेल का?

वाटाड्या: जुनी स्प्लेंडर प्लस, स्पोकचं चाक, ट्यूबवाला २.७५-१८ टायर. मेन स्टँड, रिंग पाने, दोन टायर लिव्हर आहेत. चेन सोडवायची का? आणि चेनचं, ब्रेकचं सेटिंग हलेल का?

पाना_पक्कड: चेनला हात लावू नका. डावीकडे ॲक्सलच्या (चाकाच्या मधल्या दांड्याच्या) नटामागे दुसरा मोठा नट आहे, तो स्लीव्ह नट. स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, त्याच्यावर स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या चिमट्याला) धरलेलं असतं. तो तसाच ठेवला तर चाक निघतं आणि चेन-स्प्रॉकेट गाडीवरच राहतं, ताणही फारसा बदलत नाही.

आधी ब्रेक रॉडचा नट काढा. स्प्रिंग आणि खुंटी लगेच रॉडवर परत चढवून ठेवा, हमखास हरवतात. मग ब्रेक प्लेटचा टॉर्क रॉड (प्लेटला फिरू न देणारा दांडा) सोडवा, शेवटी ॲक्सलचा नट. ॲक्सल ओढताना उजवीकडचा कॉलर (अंतर राखणारी नळी) खाली पडतो. त्याचं तोंड कुठल्या बाजूला होतं ते आधीच बघून ठेवा. चाक मडगार्डला अडलं तर दुसऱ्या माणसाला गाडी थोडी कलती धरायला सांगा. हबमधले (चाकाच्या मधल्या भागातले) रबर दबलेले किंवा फाटलेले असतील तर आत्ताच बदला. ड्रममधली धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा.

वाटाड्या: चाक निघालं. व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण सोडली, तरी लिव्हरने टायरची कड रिमवर येत नाही.

रबरबँड: जोर कमी पडत नाहीये, जागा कमी पडतेय. टायरच्या कडेत तार असते, ती ताणत नाही. रिमच्या मधोमध खोलगट भाग आहे. लिव्हर व्हॉल्व्हजवळ लावा आणि समोरची कड गुडघ्याने त्या खोलगटात दाबून धरा. इकडे तेवढी ढील मिळते. साबणाचं पाणी सढळ हाताने लावा.

बसवताना सुरुवात व्हॉल्व्हच्या समोरून, शेवट व्हॉल्व्हपाशी. ट्यूबमध्ये आकार येण्यापुरती हवा भरा, नाहीतर घडी लिव्हरखाली चिमटते आणि नवी ट्यूब पहिल्याच दिवशी पंक्चर. रिमची पट्टी फाटली असेल तर स्पोकची टोकं तेच करतात. टायरवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेने हवा. हवा भरून पूर्ण सोडा, पुन्हा भरा, म्हणजे ट्यूबच्या सुरकुत्या जातात. कडेलगतची रेघ रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली पाहिजे.

पाना_पक्कड: चाक चढवल्यावर ब्रेक दाबून धरा आणि मगच ॲक्सलचा नट आवळा, ब्रेक लायनर ड्रममध्ये मधोमध बसतात. दोन्हीकडच्या चेन ॲडजस्टरच्या खुणा सारख्या आहेत ना बघा. ब्रेक पेडलला २० ते ३० मिमी मोकळी चाल ठेवा.

टॉर्क रॉडचा नट घट्ट आणि स्प्लिट पिन नवी. हा रॉड सुटला तर ब्रेक लावताच पूर्ण प्लेट ड्रमसोबत फिरते, ब्रेक रॉड वाकतो आणि चाक जाम होतं. गाडी रस्त्यावर काढण्याआधी स्टँडवरच चाक हाताने फिरवून दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा.